लिनक्सची जाळ्यावरून सामूहिक प्रस्थापना

लिनक्स ही परिचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, एकाच ठिकाणी जमलेल्या अनेक संगणकांवर एका सर्व्हरच्या साहाय्याने व स्थानिक जाळ्यामार्फत चढविण्याची पद्धत. परिचालन प्रणाली संगणकाच्या चकतीवर कायमची बसविण्याच्या क्रियेस प्रस्थापना किंवा रूढ भाषेत इन्स्टॉलेशन म्हणतात. ही क्रिया एरवी पेन ड्राइव्हवरून वा प्रकाशीय तबकडीवरून प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे केली जाते. जाळ्यावरील पद्धतीत प्रत्येक संगणक सुरू होताच जाळ्यावर सर्व्हरचा शोध घेतो, त्याच्याकडून प्रारंभिक आज्ञावली मिळवितो आणि पुढे लागणारी सर्व सामग्री त्याच्याकडूनच उतरवून घेतो. शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगशाळा, मोठी कार्यालये व माहिती केंद्रे यांत ही पद्धत नित्याची आहे. लोक आपापले संगणक घेऊन एकत्र जमतात आणि जाणकारांच्या मदतीने त्यांवर लिनक्स बसवून घेतात, अशा मेळाव्यांत (यांस इन्स्टॉलफेस्ट असे नाव रूढ आहे) तिचा उपयोग विशेष होतो. या दोन प्रसंगांतील तांत्रिक रचना बव्हंशी एकच असली, तरी एक मूलभूत भेद आहे : प्रयोगशाळेतील संगणक एका संस्थेच्या मालकीचे व बहुधा एकाच जातीचे असतात, मेळाव्यातील संगणक निरनिराळ्या व्यक्तींचे असतात आणि त्यांत त्या व्यक्तींची कागदपत्रे, छायाचित्रे व हिशेब साठविलेले असतात. मेळाव्यासाठी सर्व्हर उभारताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो.

ऐतिहासिक आढावा : जाळ्यावरून संगणक सुरू करण्याची कल्पना लिनक्सहून जुनी आहे. १९८०–९० या दशकात चकत्या महाग असल्यामुळे विद्यापीठांत व अभियांत्रिकी संस्थांत चकती नसलेली संगणक-स्थानके वापरात आली. अशा स्थानकाला सुरू होताना स्वतःचा पत्ताही ठाऊक नसे. ही अडचण दूर करण्यासाठी जून १९८४ मध्ये आरएआरपी आणि सप्टेंबर १९८५ मध्ये बूटपी या पद्धती इंटरनेटच्या आरएफसी या तांत्रिक प्रलेखमालेत प्रसिद्ध झाल्या. बूटपीमुळे स्थानकाला पत्त्याबरोबरच कोणती फाइल कोठून आणावयाची हेही कळू लागले. ती फाइल आणण्यासाठी टीएफटीपी ही अत्यंत साधी वहनपद्धती वापरण्यात येई. तिचे आज प्रचलित असलेले मानक जुलै १९९२ मधील आहे. बूटपीचाच विस्तार करून ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपी ही पत्ते तात्पुरते वाटून देणारी पद्धत मांडण्यात आली व मार्च १९९७ मध्ये तिचे सुधारित मानक निघाले. या सर्व पद्धती एकत्र गुंफून सामान्य वैयक्तिक संगणकात आणण्याचे काम इंटेल कंपनीच्या ‘प्रीबूट एक्झिक्युशन एन्व्हायरन्मेंट’ या निर्देशाने केले. संक्षेपाने त्यास पीएक्सई म्हणतात व त्याची २·१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

लिनक्सचा गाभा, म्हणजेच कर्नल, फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठाचे तत्कालीन विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांशी त्याची जोड होऊन संपूर्ण प्रणाली सिद्ध झाली. गाभा, साधने व प्रस्थापनेची आज्ञावली एकत्र बांधून देणाऱ्या संचास वितरण म्हणतात. स्लॅकवेअर व डेबियन ही वितरणे १९९३ मध्ये सुरू झाली. प्रारंभी वितरणे फ्लॉपी चकत्यांच्या गठ्ठ्यांतून मिळत. त्यांची प्रस्थापना जिकिरीची असल्यामुळे परस्परसाहाय्यासाठी मेळावे भरविण्याची प्रथा पडली. लॅटिन अमेरिकेतील देशांत २००५ पासून एकाच दिवशी अनेक शहरांत भरणारा ‘फ्लिसोल’ हा प्रस्थापना-महोत्सव या प्रथेचे ठळक उदाहरण होय. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. तिच्या पुढील आवृत्तीस लागणारी यंत्रसामग्री अनेक जुन्या संगणकांत नाही. असे धडधाकट संगणक भंगारात जाऊ नयेत, हाही अशा मेळाव्यांचा एक हेतू आता झाला आहे.

सर्व्हरची आवश्यकता : मेळाव्यात स्वतंत्र सर्व्हर का लागतो, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. समजा, ३० संगणकांवर प्रस्थापना करावयाची असून प्रत्येकास २ गिगाबाइट सामग्री लागते. एकूण मागणी ६० गिगाबाइटची, म्हणजे सु. ४,८०,००० मेगाबिटची होते. सभागृहाची इंटरनेट जोडणी सेकंदास ५० मेगाबिट वहनाची असेल, तर एवढी सामग्री येण्यास ९,६०० सेकंद, म्हणजे २ तास ४० मिनिटे लागतील आणि तेवढा वेळ ती जोडणी दुसऱ्या कोणत्याही कामास उपलब्ध राहणार नाही. हीच सामग्री सर्व्हरने एकदाच आणून ठेवल्यास बाहेरून केवळ २ गिगाबाइट आणावे लागतात व त्यास सु. साडेपाच मिनिटे पुरतात. पुढील वाटप स्थानिक जाळ्यात होते. त्याची क्षमता सेकंदास १,००० मेगाबिट असल्यास आदर्श परिस्थितीत ८ मिनिटांत सर्व संगणकांना सामग्री पोचते. प्रत्यक्षात याच्या दुप्पट वेळ धरणे श्रेयस्कर असते. मात्र सर्व्हर ज्या स्विचला जोडला आहे तो जुना, १०० मेगाबिट क्षमतेचा असेल, तर याच वाटपास ८० मिनिटे लागतात. सर्व सामग्री सर्व्हरच्या एकाच केबलमधून वाहत असल्याने ती केबल व स्विचमधील तिचे द्वार यांची क्षमता निर्णायक ठरते.

यासाठी सर्व्हर फार शक्तिमान असण्याची गरज नसते. सर्व संगणक थोड्याफार फरकाने त्याच फाइली मागतात. त्यामुळे चकतीवरून एकदा वाचलेली फाइल सर्व्हरच्या स्मृतीत राहते व पुढील मागण्या स्मृतीतूनच भागविल्या जातात. ८ ते १६ गिगाबाइट स्मृती, घन-अवस्था चकती आणि जाळ्याची दोन द्वारे असलेला सामान्य लॅपटॉपही हे काम करू शकतो. दोन द्वारांपैकी एक बाहेरील इंटरनेटकडे व दुसरे मेळाव्याच्या अंतर्गत जाळ्याकडे असते.

कार्यपद्धती : सहभागी संगणकाच्या फर्मवेअरमध्ये जाळ्यावरून सुरू होण्याचा पर्याय निवडला म्हणजे पुढील टप्पे क्रमाने घडतात.

(१) संगणकाला अजून पत्ता नसल्यामुळे तो संपूर्ण जाळ्याला उद्देशून शोधसंदेश पाठवितो. त्यास सर्व्हरकडून पत्त्याचा देकार येतो. संगणक त्या पत्त्याची रीतसर मागणी करतो आणि सर्व्हर पोच देतो. डीएचसीपीचा हा चार संदेशांचा व्यवहार सर्व्हरच्या ६७ व संगणकाच्या ६८ या क्रमांकांच्या द्वारांवर होतो. दिलेला पत्ता ठराविक मुदतीचाच असतो. सर्व्हर याच वेळी प्रारंभिक फाइलचे नाव व ती देणाऱ्या यंत्राचा पत्ता कळवितो.

(२) संगणक टीएफटीपीने ६९ क्रमांकाच्या द्वारावरून ती फाइल आणतो. हा बूट लोडर म्हणजे गाभ्याला स्मृतीत आणून चालना देणारी छोटी आज्ञावली होय.

(३) बूट लोडर सर्व्हरवरील मांडणी-फाइल वाचून पडद्यावर पर्यायांची यादी दाखवितो. जाळ्याच्या प्रत्येक कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता दिलेला असतो. पीएक्सलिनक्ससारखे लोडर प्रथम त्या पत्त्याच्या नावाची फाइल शोधतात व ती नसल्यास सर्वसाधारण फाइल वापरतात. त्यामुळे एखाद्या विशिष्ट संगणकास वेगळी यादी देता येते.

(४) निवडलेल्या पर्यायानुसार लिनक्सचा गाभा व त्याबरोबरची तात्पुरती फाइलव्यवस्था स्मृतीत उतरते. या फाइलव्यवस्थेत प्रस्थापनेची आज्ञावली असते.

(५) गाभा सुरू झाल्यावर ती आज्ञावली पुन्हा पत्ता मागून घेते आणि उरलेली पॅकेजे एचटीटीपी या नेहमीच्या वहनपद्धतीने मिळविते.

यांतील टीएफटीपीचा टप्पा सर्वांत मंद असतो. या पद्धतीत फाइलचे ५१२ बाइटांचे ठोकळे एकेक करून पाठवितात व एका ठोकळ्याची पोच आल्याखेरीज पुढचा निघत नाही. ४० मेगाबाइटांच्या फाइलचे सु. ७८,००० ठोकळे होतात. प्रत्येक फेरीस एक सहस्रांश सेकंद लागला, तरी केवळ या फाइलला सव्वा मिनिटाहून अधिक काळ लागतो. शिवाय ठोकळ्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने ६५,५३५ नंतर तो पुन्हा प्रारंभापासून मोजावा लागतो व हे न जाणणारी जुनी फर्मवेअर तेथेच अडखळते. मे १९९८ मधील सुधारणेनुसार ठोकळ्याचा आकार वाढविता येतो. यावर अधिक चांगला उपाय म्हणजे टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई हा लहान लोडर आणून पुढील मोठ्या फाइली एचटीटीपीने आणणे हा होय.

सर्व्हरची रचना : वरील कार्यासाठी सर्व्हरवर तीन सेवा लागतात : पत्तेवाटप, प्रारंभिक फाइलींचे वितरण व पॅकेजांचा साठा. पहिल्या दोन सेवा डीएनएसमास्क या एकाच छोट्या आज्ञावलीतून मिळू शकतात. अंतर्गत जाळ्यासाठी खाजगी वापरास राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी एखादी मालिका घेतात; उदा., १९२·१६८·५०·१०० ते १९२·१६८·५०·२०० ही मालिका १०१ संगणकांना पुरते. पत्त्यांची मुदत थोडी, एखाद-दोन तासांची ठेवतात, म्हणजे निघून गेलेल्या संगणकांचे पत्ते मोकळे होतात.

पॅकेजांच्या साठ्याचे दोन प्रकार आहेत. संपूर्ण प्रतिरूप साठ्यात वितरणाची सर्व पॅकेजे उतरवून ठेवतात. डेबियनसारख्या वितरणाच्या बाबतीत तो शेकडो गिगाबाइटांचा होतो. दुसऱ्या प्रकारात ॲप्ट-कॅशर-एनजी किंवा स्क्विड यांसारखी मध्यस्थ आज्ञावली बसवितात. ती प्रथम मागितलेले पॅकेज बाहेरून आणून स्वतःकडे ठेवते व पुढील प्रत्येक मागणी त्या संचयातून भागविते. एक-दोन दिवसांच्या मेळाव्यास दुसरा प्रकार पुरेसा असतो. मात्र कूटबद्ध मार्गाने मागविलेली पॅकेजे मध्यस्थाला वाचता येत नसल्याने ती सामान्यतः अशा संचयात राहत नाहीत. म्हणून मूळ साठ्याचा साधा एचटीटीपी पत्ता द्यावा लागतो.

साठा व प्रारंभिक फाइली एकाच आवृत्तीच्या असाव्या लागतात. डेबियनच्या जाळे-प्रस्थापकात गाभ्याचे पूरक भाग साठ्यातून आणले जातात. मधल्या काळात साठ्यातील गाभ्याची आवृत्ती बदलली असल्यास जुन्या प्रारंभिक फाइलींना जुळणारे भाग सापडत नाहीत व प्रस्थापना थांबते. म्हणून मेळाव्याच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम करतात. यादीतील प्रत्येक पर्यायाची एकेक प्रस्थापना पूर्ण केली म्हणजे संचय आपोआप भरतो. त्यानंतर बाहेरील जोडणी काढून तीच प्रस्थापना पुन्हा करतात. ती निर्विघ्न पार पडली, तरच सर्व्हर स्वयंपूर्ण झाला असे समजतात.

बायोस व यूईएफआय : जुन्या संगणकांतील फर्मवेअरला बायोस व नव्यांतील फर्मवेअरला यूईएफआय म्हणतात. दोहोंना निरनिराळे बूट लोडर लागतात. संगणक आपल्या शोधसंदेशात स्वतःच्या प्रकाराचा अंक कळवितो. बायोससाठी ०, तर ६४ बिट यूईएफआयसाठी बहुधा ७ हा अंक येतो. त्यावरून सर्व्हर योग्य फाइल सुचवितो. यूईएफआयमध्ये सिक्युअर बूट ही व्यवस्था चालू असल्यास केवळ मान्य अंकीय स्वाक्षरी असलेला लोडरच सुरू होतो. प्रमुख वितरणे यासाठी मायक्रोसॉफ्टने स्वाक्षरी केलेला शिम नावाचा छोटा लोडर पुरवितात. तो वापरल्यास सिक्युअर बूट बंद करण्याची गरज सहसा पडत नाही.

पत्तेवाटपातील संघर्ष : सभागृहात अगोदरच एखादा राउटर पत्ते वाटत असेल आणि मेळाव्याचा सर्व्हरही त्याच जाळ्यात पत्ते वाटू लागला, तर ज्याचा देकार आधी पोचेल त्याचा पत्ता स्वीकारला जातो. परिणामी काही संगणकांना प्रारंभिक फाइलचे नाव मिळत नाही. त्याहून गंभीर म्हणजे त्या इमारतीतील इतरांची जोडणी तुटू शकते. एखाद्या महाविद्यालयाच्या जाळ्यात असे घडल्यास कार्यालय, ग्रंथालय व परीक्षा विभाग यांचे काम विस्कळित होते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, अंतर्गत जाळे स्वतंत्र स्विचवर ठेवून सर्व्हरखेरीज त्याचा बाहेरील जाळ्याशी कोणताही संबंध न ठेवणे. दुसरा, सर्व्हरला केवळ पूरक म्हणून चालविणे. या योजनेत पत्ते राउटरच देतो व सर्व्हर फक्त प्रारंभिक फाइलची माहिती पुरवितो. शक्य तेथे पहिला उपाय अधिक सुरक्षित असतो.

स्वयंचलित उत्तरे व त्यांच्या मर्यादा : प्रस्थापनेत भाषा, कळफलक, वेळक्षेत्र, चकतीची विभागणी, वापरकर्त्याचे नाव इ. अनेक प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे आधीच फाइलमध्ये लिहून ठेवण्याची सोय प्रत्येक प्रमुख वितरणात आहे. रेड हॅट व फेडोरा यांत तिला किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड, सूसे वितरणांत ऑटोयास्ट व उबुंटूमध्ये ऑटोइन्स्टॉल असे नाव आहे. सर्व उत्तरे दिली असल्यास एकही कळ न दाबता प्रस्थापना पूर्ण होते. प्रयोगशाळेतील ५० सारख्या संगणकांसाठी ही सोय अमूल्य आहे.

मेळाव्यात मात्र हीच सोय घातक ठरू शकते. स्वयंचलित फाइलमध्ये ‘चकतीवरील सर्व विभाग पुसून टाका’ अशी आज्ञा असल्यास तिला त्या चकतीवर एखाद्याचा प्रबंध आहे की दुकानाचा हिशेब, हे कळत नाही. दुसऱ्याच कामासाठी जोडलेला संगणक चुकून जाळ्यावरून सुरू झाला व यादीतील स्वयंचलित पर्याय ठराविक सेकंदांनंतर आपोआप निवडला गेला, तर मालकाच्या नकळत चकती पुसली जाते. जाळ्याला पहिला क्रम दिलेला संगणक प्रस्थापनेनंतर पुन्हा सुरू झाल्यास तीच क्रिया पुनःपुन्हा घडत राहते. म्हणून पर्यायांच्या यादीत ‘स्वतःच्या चकतीवरून सुरू करा’ हा पर्याय प्रथम ठेवतात, वेळ संपल्यावर तोच निवडला जाईल अशी योजना करतात आणि चकती पुसणारा पर्याय यादीत मुळीच ठेवत नाहीत.

उत्तरांची विभागणी करणे हा यातील व्यवहार्य मार्ग होय. भाषा, कळफलक, वेळक्षेत्र, साठ्याचा पत्ता यांसारखी सर्वांना समान असलेली उत्तरे फाइलमध्ये द्यावीत. चकतीची विभागणी, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द हे प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारले जावेत. परवलीचा शब्द फाइलमध्ये लिहिणे आणखी एका कारणाने अयोग्य आहे : ती फाइल जाळ्यातील कोणालाही वाचता येते. सारांश, सर्व्हरने पुरवठा जलद करावा. चकतीविषयीचा निर्णय तिच्या मालकाने समजून-उमजून घ्यावा.

सहभागींची पूर्वतयारी : महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या चकतीवर काढल्याशिवाय संगणक जाळ्यास न जोडण्याचा नियम बहुतेक जाणकार पाळतात. विंडोज कायम ठेवून तिच्या शेजारी लिनक्स बसवावयाची असल्यास तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. विंडोजची चकती बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असल्यास सुरुवातीच्या मांडणीत बदल होताच ती ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते. ती हाताशी नसल्यास मालक स्वतःच्याच माहितीला मुकतो. विंडोजची जलद-आरंभ सोय चालू असल्यास तिची फाइलव्यवस्था अर्धवट स्थितीत राहते व तिचा आकार बदलणे धोक्याचे ठरते. काही संगणकांत चकतीचा नियंत्रक अशा पद्धतीने मांडलेला असतो, की लिनक्सच्या प्रस्थापकाला चकती दिसतच नाही. येथे नियंत्रकाची मांडणी बदलण्यापूर्वी विंडोजलाही तयार करावे लागते. वाय-फाय कार्डांना लागणारी फर्मवेअर पूर्वी डेबियनमध्ये वेगळी आणावी लागे. जून २०२३ मध्ये निघालेल्या १२ व्या आवृत्तीपासून ती अधिकृत प्रस्थापना-संचातच असते.

सुरक्षितता : प्रमुख वितरणांची पॅकेजे अंकीय स्वाक्षऱ्यांनी संरक्षित असतात. डेबियनमध्ये साठ्याच्या सूचीवर स्वाक्षरी असते व सूचीत प्रत्येक पॅकेजचा पडताळणी-अंक नोंदलेला असतो. त्यामुळे मधल्या संचयात कोणी बदल केल्यास प्रस्थापक ते पॅकेज नाकारतो. मात्र डीएचसीपी व टीएफटीपी यांत अशी कोणतीही पडताळणी नाही. जाळ्यातील दुसऱ्या एखाद्या यंत्राने आधी उत्तर देऊन बनावट लोडर पाठविला, तर बायोस तो निमूटपणे चालवितो. सिक्युअर बूटमुळे लोडर व गाभा यांची खातरजमा होते. परंतु तात्पुरत्या फाइलव्यवस्थेची होत नाही. म्हणून प्रारंभिक फाइलींचे पडताळणी-अंक सर्व्हरवर उतरवितानाच तपासतात आणि अंतर्गत जाळ्याच्या स्विचला अनोळखी यंत्रे जोडू देत नाहीत. जुन्या संगणकातील घड्याळाची बॅटरी संपलेली असल्यास त्याची तारीख अनेक वर्षे मागे जाते. तेव्हा सूचीची स्वाक्षरी ‘अद्याप वैध नाही’ असे ठरून प्रस्थापना अडते. सर्व्हरवर अचूक वेळ देणारी सेवा ठेवल्यास ही अडचण टळते.

स्थळाची व्यवस्था : जाळ्यावरून संगणक सुरू करण्यासाठी सामान्यतः केबलची जोडणी लागते, वाय-फायवरून हे बहुतेक संगणकांत शक्य नसते. केबलचे द्वार नसलेल्या पातळ लॅपटॉपांना यूएसबी जोडक लावतात. परंतु फर्मवेअरला तो ओळखता आला नाही, तर असा संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करून पॅकेजे तेवढी सर्व्हरकडून घेतात. कॅट ५ई प्रकारची केबल १०० मी. अंतरापर्यंत सेकंदास १,००० मेगाबिट वाहून नेते. नियंत्रणक्षम स्विचमध्ये जाळ्यातील चक्रे शोधणारी व्यवस्था चालू असल्यास नव्याने जोडलेले द्वार सु. ३० सेकंद बंद राहते व तेवढ्यात संगणकाचे शोधसंदेश वाया जाऊ शकतात; संगणकांच्या द्वारांपुरती ही प्रतीक्षा काढून टाकतात. साध्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोके चुकून जोडली गेल्यास संदेश अखंड फिरत राहून सबंध जाळे ठप्प होते.

विजेचा हिशेबही आवश्यक असतो. प्रत्येकी ६५ वॉटचे ३० लॅपटॉप १,९५० वॉट वीज घेतात. २३० व्होल्ट दाबास हा प्रवाह सु. ८·५ अँपिअर होतो. भारतात नित्याचे सॉकेट ६ अँपिअरचे असल्याने एकाच बोर्डावर सगळा भार टाकता येत नाही. तो निरनिराळ्या मंडलांवर विभागतात. डेस्कटॉप संगणकाची वीज चकतीची विभागणी चालू असताना गेल्यास माहितीस धोका पोचतो. म्हणून सर्व्हर, स्विच व विभागणीच्या टप्प्यातील डेस्कटॉप यांना अखंड वीजपुरवठा करणारे साधन लावतात.

भारतातील व मराठीच्या संदर्भातील स्थिती : मुंबई, पुणे, गोवा, बंगळूर इ. ठिकाणी लिनक्स वापरणाऱ्यांचे स्वयंस्फूर्त गट स्थापन झाले. केरळ राज्यात शालेय संगणकशिक्षण मुक्त आज्ञावलींवर आधारलेले असल्याने शाळांतील संगणकांवर लिनक्सची मोठ्या प्रमाणावर प्रस्थापना झाली आहे. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) तयार केलेले ‘बॉस’ हे वितरण डेबियनवर आधारित आहे. डेबियनचा प्रस्थापक मराठी भाषेतही चालतो. उत्तरांच्या फाइलमध्ये भाषा मराठी, वेळक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ व कळफलक इन्स्क्रिप्ट असे नोंदविल्यास प्रारंभापासून मराठीतून काम करता येते. इन्स्क्रिप्ट ही कळफलक-मांडणी भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट आहे. मात्र परवलीचा शब्द रोमन अक्षरांतच ठरविणे सोयीचे असते. कारण प्रवेशाच्या पडद्यावर कोणता कळफलक चालू आहे हे नवख्यास लगेच उमगत नाही.

इतर पद्धती : दहापेक्षा कमी संगणक असल्यास पाच-सहा पेन ड्राइव्ह सर्व्हरहून सोयीचे पडतात. सर्व संगणक एकाच जातीचे असल्यास एकावर प्रस्थापना करून त्याच्या चकतीची हुबेहूब प्रत क्लोनझिलासारख्या आज्ञावलीने इतरांवर उतरविता येते. मात्र प्रत्येक प्रतीत यंत्राची ओळख-खूण व सुरक्षित संपर्काच्या किल्ल्या नव्याने निर्माण कराव्या लागतात, अन्यथा सर्व यंत्रे एकाच ओळखीची ठरतात. चकती नसलेल्या किंवा दुर्बल संगणकांसाठी प्रस्थापना न करता प्रत्येक वेळी जाळ्यावरूनच प्रणाली चालविण्याची पद्धतही आहे. एलटीएसपी हा प्रकल्प त्यासाठी प्रसिद्ध आहे.

समारोपाची कामे : प्रस्थापनेच्या वेळी दिलेला स्थानिक साठ्याचा किंवा मध्यस्थाचा पत्ता प्रस्थापक नव्या प्रणालीत कायमचा नोंदवून ठेवतो. डेबियनमध्ये मध्यस्थाचा पत्ता ॲप्टच्या मांडणी-फाइलमध्ये जातो. मेळाव्यातील सर्व्हर घरी उपलब्ध नसल्यामुळे असा संगणक पुढे एकही सुरक्षा-सुधारणा आणू शकत नाही. मालकाला केवळ ‘जोडणी होत नाही’ एवढेच दिसते व तो बहुधा दोष लिनक्सला देतो. म्हणून प्रत्येक संगणकातून हा पत्ता काढून तेथे वितरणाच्या मूळ साठ्याचा पत्ता घालतात, सुरू होण्याच्या क्रमात चकतीला पुन्हा पहिले स्थान देतात आणि सर्व्हरपासून अलग करून बाहेरील जोडणीवरून एक सुधारणा मालकाकडूनच करवून घेतात. सर्व्हरच्या आधाराविना संगणक स्वतःची देखभाल करू लागला, म्हणजेच त्याची प्रस्थापना पूर्ण झाली, असे मानले जाते.